सतरा नंबरची बाटली

ओहोटीला तिवरांची मुळं उघडी पडतात
तेव्हा खाडी कवळी काढून ठेवलेल्या तोंडासारखी दिसते.
क्विंतिनु इंजिन बंद करतो. इथून पुढे वल्हं.
इथून पुढे परक्या होडीला बंदी, मोठ्या जाळ्याला बंदी,
आणि त्या डावीकडच्या फाट्यावर
जिथे ताडाच्या झावळीला गाठ मारलेली आहे,
तिथे आम्हालाही.
संरक्षित क्षेत्राची पाटी परवा-परवाची.
गाठ कधीची, ते पाटीवर लिहिलेलं नाही.

मी हातमोजे चढवते.
दोन लिटर पाणी, एक पंप,
बिस्किटाएवढा गोल पांढरा कागद.
त्यातून खाडी गाळली जाते
आणि कागद हळूहळू कोऱ्या चहाच्या रंगाचा होतो.
"मासे कुठायत?"
क्विंतिनुचा भाचा, सहा वर्षांचा, गळ घेऊन आलेला.
मी चिमट्यात धरून कागद दाखवते.
तो असा बघतो
जसं मी त्याला रिकाम्या ताटावर बसवून जेव म्हटलं.

काय सांगू त्याला,
की मासा जातो तेव्हा सगळाच्या सगळा जात नाही.
खवल्याचा कण, अंगावरचा बुळबुळीत थर, थोडी घाण
एवढं मागे राहतं, एक-दोन दिवस,
आणि त्यात त्याचं नाव लिहिलेलं असतं,
आईकडचं.
पाण्यावरची रेघ टिकत नाही, खरंय.
पाण्यातली टिकते. जेमतेम.

चार महिन्यांनी यादी आली, पोर्तुच्या लॅबमधून.
बोय. शिंगाळा. तांब. पाकटांच्या तीन जाती.
एक मासा ज्याला अजून कुणी नाव दिलेलं नाही.
कोंबडी, म्हणजे आमचा डबा.
आणि सतरा नंबरच्या बाटलीत,
तीन चाचण्यांपैकी एकीत,
पुसट,
करवत मासा.

बिसाऊच्या ऑफिसात मी ती ओळ उभ्यानेच वाचली.
पंखा बंद होता. वीज तीन वाजता येणार होती.
दोन पुरुष उंचीचा, नाकाला दातेरी पातं लावलेला तो,
ज्याला क्विंतिनुच्या बापाने शेवटचा पाहिला
आणि क्विंतिनुने फक्त ऐकला.
शुद्ध पाण्याची कोरी बाटली कोरीच निघाली होती,
म्हणजे लॅबची चूक नाही.
मी बोटीचं तिकीट काढलं.

"सतरा म्हणजे कुठली?" क्विंतिनुने विचारलं.
झावळीच्या गाठीच्या अलीकडची, म्हटलं. मंगळवारची.
तो हसला नाही. वर बघत राहिला, छपराकडे.
मग शिडी लावून आढ्यावरून गाठोडं उतरवलं.
आत मुखवटा. लाकूड, दोरी, लाल रंगाचे पोपडे,
आणि कपाळातून पुढे आलेलं खरं पातं,
एका बाजूचे सात दात पडलेलं.
आजाचं. आजाच्या काकाचंही असेल.
वयात येणारी पोरं हे डोक्यावर चढवून नाचतात,
मान अशी झटकत, जाळं फाडल्यासारखी.
"नाचाआधी धुतो आम्ही," तो म्हणाला.
"कुठे?"
त्याने हनुवटीने खाडी दाखवली.
"कधी?"
"सोमवारी संध्याकाळी."

बराच वेळ कुणी बोललं नाही.
बाहेर बायका शिंपल्या उकडत होत्या, त्याचा वास.
मी पात्यावरून बोट फिरवलं, हातमोजा नसलेलं.
पाण्याला विचारलं होतं, इथे कोण येऊन गेलं.
त्याने खोटं सांगितलं नव्हतं.

अहवालात मी ती ओळ खोडली नाही.
पिवळी केली.
पिवळं म्हणजे आमच्यात, पुन्हा जा.
या खेपेला मुखवटा धुवायच्या आत,
गाठीच्या जितकं जवळ जाऊ देतील तितकं जवळ.
भाचा आता आठ वर्षांचा आहे. बाटली तोच धरतो,
उन्हात वर करून, एक डोळा मिटून.
"दिसतंय काही?"
"थांब ना," म्हणतो,
"हलवू नकोस होडी."